व्हॅलिडेशनचा प्रोजेक्ट घेऊ का?

तुझं पत्र वाचलं. एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष, फॉरेन्सिकमध्ये जायचं पक्कं, आणि प्रोजेक्ट पदरात पडला तो डीएनए ओळखीसाठी निवडलेल्या मार्करांच्या (डीएनएमधल्या, माणसागणिक वेगळ्या असणाऱ्या ठरावीक जागांच्या) व्हॅलिडेशनचा, म्हणजे त्यांची चाचणी किती भरवशाची हे तपासण्याचा. ‘तेच नमुने पुन्हा पुन्हा चालवायचे, यात शोध कसला? विषय बदलून मागू का?’ असं तू विचारतेस.

बदलू नकोस. कारण सांगण्याआधी एक जुना खटला सांगतो.

१९८९, न्यूयॉर्क. आरोपीच्या घड्याळावर रक्ताचा डाग सापडला आणि तो मृत स्त्रीच्या डीएनएशी जुळतो, असं प्रयोगशाळेनं कळवलं. ॲलेक जेफ्रीज यांनी डीएनए फिंगरप्रिंटिंगचा शोध लावून तेव्हा जेमतेम पाच वर्षं झाली होती. सुनावणीत डीएनएच्या चित्रातल्या पट्ट्या कशा मोजल्या, ‘जुळलं’ कशाला म्हटलं, हे खोदून विचारल्यावर प्रयोगशाळेनं स्वतःचेच निकष पाळले नसल्याचं उघड झालं. दोन्ही बाजूंचे शास्त्रज्ञ वकिलांना बाहेर ठेवून एकत्र बसले आणि हा पुरावा टिकण्याजोगा नाही, असं संयुक्त निवेदन त्यांनी दिलं. न्यायालयानंही तो जुळणीचा पुरावा नाकारला. गंमत म्हणजे पुढे आरोपीनं गुन्हा कबूल केला आणि रक्त त्या स्त्रीचंच होतं हेही सांगितलं. उत्तर बरोबर होतं, पण ते कसं काढलं याचा हिशेब कोणाला देता आला नाही. तो हिशेब म्हणजेच तुझा प्रोजेक्ट.

आता ‘तेच ते’ कामाकडे पाहू. मानवी पेशीत साधारण ६ पिकोग्रॅम डीएनए असतो. त्यामुळे १ नॅनोग्रॅम म्हणजे दीडशेच्या आसपास पेशी. एवढा डीएनए मिळाला तर एसटीआर प्रोफाइल (प्रत्येक मार्करवर डीएनएचा छोटा तुकडा ओळीनं किती वेळा येतो, याची नोंद) सहसा सुरेख येतं. तू तो पातळ करत जाशील, तशी कुठल्यातरी टप्प्यावर आई-वडिलांकडून आलेल्या दोनपैकी एक ॲलील (मार्करचं एक रूप) गायब होईल आणि माणूस त्या जागी होमोझायगस, म्हणजे दोन्ही रूपं सारखीच असल्यासारखा दिसेल. हा टप्पा नेमका कुठे येतो, हे तुझ्या यंत्रावर, तुझ्या हातांनीच कळतं. तपासणीचं किट बनवणाऱ्यांनी चाचण्या केलेल्या असल्या तरी प्रत्येक प्रयोगशाळेला स्वतःचं अंतर्गत व्हॅलिडेशन करावं लागतं ते यासाठीच.

स्टटरचंही तसंच. यंत्राच्या आलेखात प्रत्येक ॲलील शिखरासारखं दिसतं; खऱ्या शिखराच्या एक रिपीट (पुन्हा पुन्हा येणारा एक तुकडा) अलीकडे उमटणारं बुटकं शिखर म्हणजे स्टटर, आणि ते एका माणसाच्या नमुन्यात निरुपद्रवी असतं. दोघांच्या मिश्रणात मात्र ते स्टटर आहे की दुसऱ्या माणसाचं ॲलील, यावर कुणाचा तरी तुरुंगवास ठरू शकतो. टीएच०१ या मार्करवरचं ९.३ हे ॲलील १० पेक्षा फक्त एका बेसनं, म्हणजे डीएनएच्या एका अक्षरानं आखूड असतं, तेवढा फरक यंत्राला दिसायलाच हवा. प्रायमर (डीएनएच्या प्रती काढायला सुरुवात करून देणारा छोटा तुकडा) बसण्याच्या जागीच उत्परिवर्तन असेल तर असलेलं ॲलील दिसतच नाही, म्हणून तेच नमुने दुसऱ्या प्रायमरांनीही तपासून पाहायचे.

आणि संख्याशास्त्र. तुझ्या पत्रात त्याचा उल्लेखच नाही, ते मला जरा खटकलं. प्रत्येक मार्करवरची वारंवारता (ती ॲलील-जोडी लोकांत किती आढळते) एकमेकींशी गुणून ‘अब्जात एक’ असले आकडे मिळतात, पण तो गुणाकार मार्कर एकमेकांपासून स्वतंत्र असतील तरच करता येतो. व्हीडब्ल्यूए आणि डी१२एस३९१ हे दोन्ही १२ व्या गुणसूत्रावर शेजारी-शेजारी आहेत. नातेसंबंधांच्या प्रकरणांत हे शेजारपण विसरून चालत नाही. हार्डी-वाइनबर्ग (ॲलीलच्या वारंवारतेवरून जोड्यांचं प्रमाण सांगणारा नियम), लिंकेज (शेजारच्या मार्करांचं वारशात एकत्र जाणं) आणि आर ही संगणकभाषा या वर्षी हाताखालून घाल. पिपेट चालवणारे बरेच मिळतात, पण आकडा कुठून आला हे उलटतपासणीत उभं राहून सांगणारे कमी.

एक स्पष्टच विचारतो. आलेख बिघडला की तो पुसून नवा चालवावासा वाटतो, की का बिघडला हे पाहावंसं वाटतं? पहिलं असेल तर हे क्षेत्र तुला जड जाईल, मालिकांमध्ये ते कितीही चकचकीत दिसो. दुसरं असेल तर खटल्यांच्या प्रयोगशाळेखेरीज किट विकसित करणाऱ्या कंपन्या, आपत्तीतल्या मृतांची ओळख पटवणारी पथकं, वन्यजीव फॉरेन्सिक इथेही हेच कौशल्य लागतं.

होकार देण्याआधी मार्गदर्शकांना तीन गोष्टी विचारून घे: नमुने देणाऱ्यांची लेखी संमती आहे का, खराब झालेले आणि मिश्र नमुने योजनेत आहेत का, आणि वारंवारता कोणत्या लोकसमूहाच्या माहितीवरून काढणार. तिसऱ्याचं उत्तर गुळमुळीत आलं, तर तोच तुझ्या प्रबंधाचा एक भाग म्हणून मागून घे.