एकाच सर्व्हरवर तीसेक जणांचे कंटेनर आहेत, प्रत्येकात शिरून सुरक्षा अपडेट करायचे का?

नका करू. मी नाशिकला अंबडमधल्या एका छोट्या कंपनीत सर्व्हर सांभाळतो, तिथे प्रत्येकाला वेगळा कंटेनर, म्हणजे त्याच सर्व्हरवर इतरांपासून वेगळी चालणारी जागा, दिलाय. शनिवारी कंपनी बंद, म्हणून मी निवांत बसून एकेकात अ‍ॅप्ट अपग्रेड (आतली सॉफ्टवेअर ताजी करणारी आज्ञा) करायचो. एकदा एक कंटेनर बिघडला, काढून नवा केला, तर जुनी ओपनएसएसएल (एन्क्रिप्शनची लायब्ररी) पुन्हा हजर! आत केलेला बदल त्या कंटेनरच्या वरच्या थरातच राहतो, ज्या साच्यातून तो बनतो ती इमेज आहे तशीच राहते.

आता सगळ्यांसाठी पायाची इमेज एकच आहे. दर आठवड्याला ती नव्याने बिल्ड करतो, ट्रिव्हीने (सुरक्षेतल्या त्रुटी शोधणारं साधन) तपासतो, मग पाच-पाच जणांचे कंटेनर काढून नवे उभे करतो. नुसतं रीस्टार्ट केलंत तर जुनीच इमेज चालू राहते, यात मी स्वतः फसलोय. दुसरी फसगत कॅशची. डॉकरफाइलमधली (इमेज कशी बनवायची ते लिहिलेली फाइल) अपडेटची ओळ बदलली नसेल तर डॉकर (कंटेनर बनवणारं साधन) जुनाच थर उचलतो आणि बिल्ड दहा सेकंदांत 'यशस्वी' होतो. म्हणून बिल्ड करताना पुल (पायाची इमेज नव्याने आणतो) आणि नो-कॅश (जुने थर वापरत नाही) हे दोन्ही पर्याय द्या.

खरी डोकेदुखी माणसांची. लोकांच्या फाइली व्हॉल्यूममध्ये (कंटेनरबाहेरची साठवण) होत्या, त्या वाचल्या. पण एकाने हाताने टाकलेली पायथनची पॅकेजेस उडाली आणि तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. (चहा मीच पाजला.) तेव्हापासून ज्याला जे हवं ते त्याने यादीच्या फाइलीत लिहायचं, बिल्ड ती यादी वाचतो. यादीत नाही ते गेलं तर तक्रार चालणार नाही, हे आधीच सांगून ठेवा.

पायाची इमेज किती जुनी आहे तेही बघा. लिनक्सच्या डेबियन १० चा दीर्घकालीन आधार ३० जून २०२४ ला संपला. त्यावर 'अपडेट काही नाही' असं दिसलं म्हणून सगळं ठीक आहे असं समजू नका, तिथे आता ते येतच नाहीत.

आणि कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) इमेजमध्ये नसतो, तो होस्टचा, म्हणजे मूळ सर्व्हरचा. कंटेनर सुरू करणारं रनसीही होस्टवरच. जानेवारी २०२४ मध्ये रनसीत कंटेनरमधून बाहेर निसटता येईल अशी चूक सापडली, ती १.१.१२ मध्ये दुरुस्त झाली. तेव्हा इमेज कितीही ताजी असती तरी उपयोग नव्हता. त्यामुळे होस्टच्या रीबूटसाठी महिन्यातली एक वेळ सगळ्यांना आधीच कळवून ठेवा. आमची दुसऱ्या शनिवारची सकाळ.