पहिल्याच लँडिंगला 'मागून येणाऱ्या सामाना'ची यादी द्या, आम्ही दिली नव्हती

तुम्ही लिहिलंय की कॅनडा पीआरचं (कायमच्या वास्तव्याच्या परवान्याचं) लँडिंग, म्हणजे पहिल्यांदा तिथे उतरून करायची नोंद, दहा दिवसांत उरकून परत यायचं, मुलीची दहावी झाली की पुढच्या वर्षी कायमचं जायचं, घरचं सामान तेव्हा बोटीने पाठवायचं आणि 'कस्टमची यादी त्या वेळी निवांत करू'. हे शेवटचं वाक्य वाचून राहवलं नाही. शब्द न् शब्द आमचाच बेत होता. कृपा करून तसं करू नका.

बाकीची कागदपत्रं तुम्ही नीट जमवलेली दिसताहेत, म्हणून मी फक्त यादीबद्दल लिहिते.

सेटलर म्हणून, म्हणजे तिथे कायमचं राहायला जाणारे म्हणून, घरचं वापरातलं सामान ड्यूटी आणि टॅक्स न भरता आणता येतं, हे तुम्हाला माहीत आहेच. पण त्याची नोंद तुम्ही पहिल्यांदा उतरता तिथेच होते. दोन याद्या द्यायच्या. एक बरोबर आणलेल्या सामानाची, दुसरी मागून येणाऱ्या सामानाची, म्हणजे 'गुड्स टु फॉलो'. अधिकारी त्यावरून बीएसएफ १८६ हा फॉर्म करतो (जुने लोक त्याला अजून बी-फोर म्हणतात) आणि तुम्हाला प्रत देतो. मागून आलेली वस्तू त्या मूळ यादीत असेल तरच सवलतीत बसते. तुमचं दहा दिवसांचं लँडिंग हेच 'पहिल्यांदा उतरणं' आहे, पुढच्या वर्षीचं नव्हे.

आम्ही टोरांटोला उतरलो तेव्हा मुलगा तापाने फणफणला होता. इमिग्रेशन झाल्यावर पुढच्या काउंटरवर विचारलं, मागून काही सामान येणार आहे का? नवरा म्हणाला, "आत्ता तरी नाही." त्यांनी 'नाही' लिहिलं आणि आम्ही बाहेर पडलो. यादीचा विषय आमच्या कानावर आलाच नव्हता असं नाही. निघण्याआधी मी पॅकर्सच्या ऑफिसात मुद्दाम फोन करून विचारलं होतं. "मॅडम, ते सगळं माल पोचल्यावर तिकडे होतं," असं ठामपणे सांगितलं गेलं. कंपनीचं नाव घेत नाही. पण त्या एका वाक्यावर विसंबलो आणि सरकारी पान उघडून स्वतः वाचलं नाही, ही आमची सगळ्यात महाग पडलेली चूक.

चौदा महिन्यांनी ३८ खोकी आली. अरायव्हल नोटीस (माल पोचल्याची सूचना) घेऊन कस्टमच्या कार्यालयात गेलो तर पहिला प्रश्न, बीएसएफ १८६ ची प्रत कुठे आहे? ती नव्हती. मग प्रत्येक वस्तूची किंमत सांगा, बिलं दाखवा. आईच्या पितळी डब्यांचं बिल कुठून आणणार? वडिलांच्या पेटीचं? ओंटारिओत एचएसटी, म्हणजे विक्रीकर, १३ टक्के, काही वस्तूंवर ड्यूटी वेगळी. त्यात वेअरहाऊस म्हणे आधी कस्टमचा शिक्का आणा, आणि काउंटरवरची बाई म्हणे आधी वेअरहाऊसचा कागद आणा. तीन खेपा झाल्या, तीन वेळा सुट्टी काढली, आणि तिकडे साठवणुकीचं भाडं दिवसागणिक चढत होतं. कोणीही आवाज चढवला नाही, पण नेमका कोणता कागद आधी हवा हे कोणी एका वाक्यात सांगितलंही नाही. त्याचा राग मला आजही येतो. वडिलांच्या पेटीवर टॅक्स भरताना मी रडले होते.

तेव्हा यादी आत्ताच करा. 'स्वयंपाकाची भांडी, २ खोकी' असं चालून जातं असं बरेच जण सांगतील. मी म्हणेन, जिथे शक्य तिथे वस्तू वेगळी लिहा, अंदाजे किंमत डॉलरमध्ये घाला, आणि यंत्र असेल तर मेक, मॉडेल, सीरियल नंबर. जे न्यायचं की नाही हे ठरलं नाही, तेही लिहा. यादीत असून नाही नेलं तर काही बिघडत नाही. दोन प्रती काढा आणि हातातल्या बॅगेत ठेवा. विचारलं नाही तरी आपणहून पुढे करा.

उतरण्याआधी वस्तू तुमच्या मालकीची, ताब्यात आणि वापरात असायला हवी. 'वापरात' हा शब्द लोक विसरतात. सीलबंद खोक्यातला नवा कोरा मिक्सर त्यात बसत नाही. तसाही मिक्सर नेऊ नका, तिथे वीज १२० व्होल्ट असते. सवलतीत आणलेली वस्तू बारा महिन्यांच्या आत विकली किंवा देऊन टाकली तर ड्यूटी भरावी लागते. आणि हो, बागेची अवजारं, बूट, सायकलीची चाकं मातीचा कण राहणार नाही इतकी धुवून पाठवा. तपासणीसाठी खोकी उघडली तर तो खर्चही आपल्याच माथी येतो.

मी कस्टम ब्रोकर नाही, आमच्या अनुभवावरून बोलतेय. नियम बदलतात, म्हणून निघण्याच्या आठवड्यात सीबीएसएच्या, म्हणजे कॅनडाच्या कस्टम खात्याच्या, साइटवर स्वतः वाचून घ्या, आणि पॅकर्स काही वेगळं म्हणाले तर ते लेखी मागा.

दागिन्यांचं तुम्ही विचारलं नाहीत, पण लॉकर उघडायला वेळ लागतो म्हणून सांगते. मंगळसूत्र, पाटल्या, तोडे, एकेक वेगळं लिहा. सोनाराकडून वजनासह मूल्यांकन करून घ्या आणि फोटोवर त्याची तारखेसह सही घ्या. घरातल्या सगळ्या जणींचे दागिने मिळून 'सोन्याचा सेट' असं एका ओळीत मुळीच लिहू नका.