बर्लिनला येताय? आधी किटाचे तास ठरवा, मग नोकरीचे

नमस्कार,

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नवऱ्याला बर्लिनमध्ये ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षितांच्या नोकरीच्या परवान्यावर, नोकरी मिळाली आहे, काही महिन्यांत पुण्याहून निघायचं आहे, मुलं दोन आणि साडेचार वर्षांची आहेत, तुम्ही सात वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केलंय, आणि मुलांना सांभाळून करता येईल असं काम तिथे मिळेल का?

मिळेल. पण सुरुवात नोकरीच्या शोधापासून करू नका, किटापासून करा. किटा म्हणजे इथलं पाळणाघर आणि बालवाडी एकत्र. आपल्याकडे आधी नोकरी ठरते, मग आजी, मावशी, कामाच्या ताई असं करून मुलांचं जमवलं जातं. इथे जमवायला माणूस नसतो. मूल किटात किती वाजता जातं आणि किती वाजता परत घ्यावं लागतं, यावरच तुम्ही किती तास काम करू शकता ते ठरतं. आधी नोकरी घेऊन मग किटा शोधणाऱ्यांची पहिल्या सहा महिन्यांत फार ओढाताण होते, आणि नेमके तेच सहा महिने प्रोबेशनचे असतात.

1 ऑगस्ट 2013 पासून जर्मनीत एक वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला अशी जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे. बर्लिनमध्ये तो वापरायचा तर घराच्या पत्त्याची नोंदणी, म्हणजे अनमेल्डुंग, झाल्यावर आपल्या विभागाच्या युगेंडआम्टकडे, म्हणजे बाल-युवक कार्यालयाकडे, किटा-गुटशाइनचा, म्हणजे किटाच्या मंजुरीपत्राचा, अर्ज करायचा. एरवी हा अर्ज प्रवेशाआधी नऊ ते दोन महिने करायचा असतो. तुम्ही बाहेरून येताय, तेव्हा अनमेल्डुंग झाली त्याच आठवड्यात तो टाका. गुटशाइन येईपर्यंत थांबूही नका, घराजवळच्या दहा-बारा किटांना लगेच ईमेल करा. मुलाचं नाव, जन्मतारीख, कोणत्या तारखेपासून, रोज किती तास, एवढं चार ओळींत पुरतं. जन्मदर घटल्यामुळे बर्लिनमध्ये जागेची पूर्वीइतकी मारामार राहिलेली नाही, त्यामुळे थोडा पाठपुरावा केला तर काम होतं. बर्लिनमध्ये किटाची फी नाही, महिन्याला 23 युरो जेवणाचे द्यावे लागतात. काही किटा नाश्ता किंवा जादा उपक्रमांसाठी वर पैसे मागतात. ते ऐच्छिक असतात, नको असेल तर तसं स्पष्ट सांगा.

गुटशाइनवर रोजचे तास लिहिलेले असतात. पाच ते सात तासांचा एक टप्पा, सात ते नऊ तासांचा पुढचा. हातात नोकरी नसेल तर मोठा टप्पा बहुधा मिळत नाही. नोकरीचा करार किंवा भाषावर्गाचा दाखला जोडला की तास वाढवून घेता येतात. म्हणून आल्याबरोबर भाषेच्या वर्गात नाव घालण्याचा दुहेरी फायदा आहे. टेस्टिंगच्या कामात इंग्रजीवर भागतं, पण टाइलत्साइटच्या, म्हणजे अर्धवेळ कामाच्या, जाहिराती जर्मन मागणाऱ्या कंपन्यांकडे जास्त असतात. जर्मनच्या बी-1, म्हणजे मध्यम, पातळीपर्यंत आलात की पर्याय बरेच वाढतात.

आता असा टप्पा, ज्याचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. किटाचा पहिला दिवस म्हणजे तुम्ही मोकळ्या झालात, असं नसतं. आइनगेव्योनुंग नावाची रुळवण्याची पद्धत आहे. पहिले तीन दिवस आई किंवा बाबा मुलासोबत तासभर खोलीत बसतात. साधारण चौथ्या दिवशी काही मिनिटं बाहेर जाऊन बघतात. मग अर्धा तास, मग जेवणापर्यंत, मग दुपारची झोप, असं वाढवत नेतात. चांगलं गेलं तर दोन ते चार आठवडे, मूल बिलगणारं असेल तर सहा ते आठ. भाषा नवी असल्यामुळे आपल्या मुलांना जास्त वेळ लागतो, त्यात काही वावगं नाही. दोन मुलं एकाच दिवशी सुरू करू नका. आधी धाकटं, मग मोठं, किंवा एकाचं तुम्ही आणि दुसऱ्याचं बाबांनी. नोकरीची रुजू होण्याची तारीख किटाच्या पहिल्या दिवसानंतर किमान आठ आठवड्यांनी ठेवा.

तासांचं गणित कसं बसतं ते बघा. किटात सोडायचं 8 ला, घ्यायचं 15.30 ला. ऑफिसचा प्रवास एका बाजूने 40 मिनिटं. म्हणजे 8.45 ते 14.45, नेमके सहा तास. इथल्या कामाच्या वेळेच्या कायद्यानुसार सहा तासांहून जास्त काम असेल तर अर्ध्या तासाची सुट्टी घ्यावीच लागते, आणि ती कामाच्या वेळेत धरत नाहीत. बरोबर सहा तासांना ती सक्तीची नाही. म्हणून पाच दिवस गुणिले सहा, 30 तासांचा करार लहान मुलांच्या आयांना सोयीचा पडतो. तोच करार 32 तासांचा केला तर रोज 24 मिनिटं काम वाढतं, पण ऑफिसात बसायचा वेळ 54 मिनिटांनी वाढतो आणि किटाची वेळ चुकते. करारात तास लिहून घेताना हे लक्षात ठेवा.

दुसरा नियम विश्रांतीचा. एका दिवसाचं काम संपल्यावर दुसऱ्या दिवशीचं सुरू होईपर्यंत 11 तास गेले पाहिजेत. मुलं झोपल्यावर लॅपटॉप उघडून 22.30 पर्यंत बसलात, तर सकाळी 9.30 च्या आधी काम सुरू करता येत नाही. भारतातल्या सवयीने ‘रात्री करून टाकते’ असं मुलाखतीत सांगितलं तर ते कौतुकाचं ठरत नाही, उलट समोरचा गोंधळतो. त्याऐवजी विचारा: ग्लाइटसाइट आहे का, आणि केर्नसाइट किती ते किती? पहिलं म्हणजे आपल्या सोयीने वेळ पुढेमागे करण्याची मुभा, दुसरं म्हणजे सगळ्यांनी हजर असण्याचा ठरलेला वेळ. केर्नसाइट 10 ते 15 असेल आणि रोज ऑफिसला जायचं असेल तर तुमचं जमणार नाही, 9 ते 14 असेल तर जमेल. घरून काम करण्याचा कायदेशीर हक्क इथे नाही, म्हणून जे ठरेल ते लेखी घ्या.

पूर्णवेळ रुजू होऊन नंतर तास कमी करता येतील का? कायदा आहे. 15 पेक्षा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीत सहा महिने झाल्यावर, तीन महिने आधी लेखी कळवून तास कमी करून मागता येतात. सहा महिने अधिक तीन महिने, म्हणजे पहिला हिवाळा यात निघून गेला. तेव्हा कमी तासांचं बोलणं ऑफर हातात आल्यावर, सही करण्याआधी करा.

मिनीजॉब बऱ्याच जणींना आधी मोहात पाडतो. मिनीजॉब म्हणजे ठरावीक कमाईपर्यंतचं छोटं काम. 2026 मध्ये त्याच्या कमाईची मर्यादा महिना 603 युरो आणि किमान वेतन तासाला 13.90 युरो आहे, म्हणजे आठवड्याला साधारण दहा तास. नवरा सरकारी पद्धतीच्या आरोग्य विम्यात असेल तर तुम्ही त्याच्याच विम्यात फुकट राहता, हा फायदा. पगारी रजा मिनीजॉबमध्येही मिळते. पण बेरोजगारी विमा नाही, आणि मूल आजारी पडल्यावर मिळणारा भत्ताही नाही. भाषा सुधारायला वर्षभर ठीक आहे, सात वर्षांचा अनुभव असलेल्या बाईने त्यात अडकून पडू नये असं मला मनापासून वाटतं.

हा भत्ता किती मोलाचा आहे ते पहिल्या हिवाळ्यात कळतं. किटाच्या पहिल्या वर्षी मुलं सतत आजारी पडतात, ताप उतरल्यावरही बहुतेक किटा एक-दोन दिवस घरी ठेवायला सांगतात. तुमचा स्वतःचा सरकारी विमा असेल आणि मूलही त्यात असेल तर 12 वर्षांखालच्या प्रत्येक मुलामागे आई आणि बाबा दोघांना वर्षाला 15-15 दिवस मिळतात, हातात येणाऱ्या पगाराच्या साधारण 90 टक्के. पहिल्या दिवसापासून डॉक्टरांचा दाखला लागतो. नवऱ्याला खासगी विमा स्वस्त म्हणून कोणी सुचवलं तर हे आठवा: खासगी विम्यात हा भत्ता नसतो आणि कुटुंबातल्या प्रत्येकाचा हप्ता वेगळा.

कराच्या बाबतीत एकच सांगते. स्टॉयरक्लासे म्हणजे पगारातून दरमहा किती कर कापायचा ते ठरवणारा वर्ग. नवऱ्याला 3 आणि तुम्हाला 5 घेतलं की तुमचा हातात येणारा पगार इतका कमी दिसतो की काम करण्यात अर्थ नाही असं वाटायला लागतं. वर्षाचा एकूण कर दोघांचा मिळून तेवढाच असतो, फक्त कापला जातो तुमच्याकडून. दोघंही 4 वर राहा. पुढे आणखी एक मूल होणार असेल तर एल्टर्नगेल्ड, म्हणजे बाळाच्या जन्मानंतरचा पालकभत्ता, हातातल्या पगारावर ठरतं, तेव्हा 5 चा फटका जास्तच बसतो.

‘पुण्याच्याच कंपनीसाठी बर्लिनहून काम करू का’ हेही तुम्ही विचारलंय. तुमच्या रेसिडेन्स कार्डावर कुठलंही काम करण्याची परवानगी लिहिलेली असेल, स्वतंत्र व्यवसायाचीसुद्धा. अडचण व्हिसाची नाही. तुम्ही इथे राहता, म्हणून पगार पुण्याच्या खात्यात जमा झाला तरी कर इथे लागतो, आणि नोकरी असेल तर सामाजिक विम्याचे हप्तेही इथेच भरावे लागतात. बहुतेक भारतीय कंपन्यांना ही कटकट नको असते. सल्लागार म्हणून बिलं देणार असाल तर सुरू केल्यापासून महिन्याभरात एल्स्टर या कर खात्याच्या पोर्टलवरून कर कार्यालयाचा नोंदणी फॉर्म भरा, आणि तो मुख्य व्यवसाय झाला तर नवऱ्याच्या विम्यातून बाहेर पडावं लागतं, तो हप्ता दरात धरा. घरून डबे पुरवण्याचा विचार असेल तर व्यवसायाची नोंद आणि आरोग्य खात्याचा दाखला आधी. घरच्या स्वयंपाकघराला परवानगी मिळणं अवघड असतं.

आजी-आजोबांना पर्यटक व्हिसावर 180 दिवसांत 90 दिवस राहता येतं. दोन्हीकडच्यांना एकदम बोलावू नका. एक जोडी ऑक्टोबरमध्ये, दुसरी जानेवारीत, म्हणजे आजारपणाचा अख्खा हंगाम निघतो. किटातून मुलाला आणण्यासाठी त्यांची नावं आधी लेखी द्यावी लागतात आणि पासपोर्ट दाखवावा लागतो. नाव नसेल तर सख्ख्या आजीच्या हातातही मूल देत नाहीत.

निघण्याआधी दोन कामं पुण्यातच उरका. मुलांच्या लसीकरण कार्डावर गोवराच्या दोन्ही डोसच्या तारखा आणि डॉक्टरांचा शिक्का असू द्या. मार्च 2020 पासून दोन वर्षांवरच्या मुलाला दोन डोसच्या पुराव्याशिवाय किटात घेत नाहीत. आणि आधीच्या कंपन्यांकडून अनुभवपत्र घेताना नुसत्या तारखा नकोत. कोणत्या प्रणालीचं टेस्टिंग, कोणती साधनं, किती जणांची टीम, हे परिच्छेदभर लिहून मागा. इथले नोकरी देणारे ते पत्र ओळ न् ओळ वाचतात.