चार्जरचे गणित शिकून मुलीच्या हाती काय लागेल?

सप्रेम नमस्कार.

इचलकरंजीहून आपण पाठविलेले सविस्तर पत्र मिळाले. आपले मोटार रिवाइंडिंगचे दुकान आहे, मुलगी इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि बॅटरी चार्जरमधील पॉवर कन्व्हर्टरचे (विजेचा दाब व प्रकार बदलणाऱ्या मंडलाचे) मॉडेलिंग व नियंत्रण हाच विषय शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी आणि पुढे एम.टेक.साठी घ्यावा, असे तिने ठरविले आहे. नातेवाईक सॉफ्टवेअरचा आग्रह धरीत आहेत. आपला स्वतःचा प्रश्न मात्र वेगळा आहे: चार्जर बाजारात तयार मिळतो, बिघडला तर दोन मॉसफेट (वीज वेगाने चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच) बदलले की चालू होतो, मग त्याची समीकरणे मांडण्यात मुलीने उमेदीची वर्षे का घालवावीत?

चार्जर स्वतः उघडून पाहणाऱ्या माणसाचा हा प्रश्न आहे, म्हणून त्याचे उत्तर मी विषयाच्या आत शिरूनच देतो. तिने हा विषय अवश्य घ्यावा, असे माझे मत आहे. अट एकच: कागदावरचे गणित आणि टेबलावरचे मोजमाप ही दोन्ही कामे तिने बरोबरीने केली पाहिजेत.

मॉसफेट बदललेला चार्जर महिन्याभराने पुन्हा त्याच जागी जळून आपल्याकडे आला, असा अनुभव आपल्यालाही आला असेल. अशा वेळी दोष बहुधा मॉसफेटमध्ये नसतो. मार्गदर्शनाच्या कामाकडे वळण्यापूर्वी मी चार्जर बनविणाऱ्या एका कारखान्यात काही वर्षे काम केले. तेथे एक नवा चार्जर आम्ही रेझिस्टरचा भार लावून आठवडाभर चालविला आणि तो अगदी स्थिर राहिला; पण बॅटरी जोडताच फ्यूज उडाला. आम्ही तीनदा सुटे भाग बदलले, तिन्ही वेळा तेच घडले, आणि मग एका ज्येष्ठ सहकाऱ्याने कागद पुढे ओढून बॅटरीचे साधे मॉडेल मांडले. बॅटरी म्हणजे एक विद्युतदाब आणि त्याच्या मागे अगदी लहान अंतर्गत रोध. तो रोध 50 मिलिओहम धरला, तर चार्जरचा दाब केवळ अर्धा व्होल्ट जास्त झाला तरी 10 अँपिअर प्रवाह वाढतो. आमचा कंट्रोलर फक्त दाब सांभाळीत होता, प्रवाहाकडे कोणाचेच लक्ष नव्हते. आत प्रवाहाचे वेगवान नियंत्रण आणि त्याच्या बाहेर दाबाचे संथ नियंत्रण, अशी दुहेरी रचना केल्यावर तोच चार्जर त्याच सुट्या भागांवर नीट चालू लागला. आपल्या मुलीला जे शिकायचे आहे ते नेमके हेच आहे, आणि ते शिकलेला माणूस फ्यूज उडण्यापूर्वी कागदावरच सांगू शकतो की हा चार्जर बॅटरीवर टिकणार नाही.

लिथियम-आयन बॅटरीच्या बाबतीत तर चुकीला वावच फार थोडा असतो. नेहमीचा सेल 4.2 व्होल्टपर्यंत स्थिर प्रवाहाने भरायचा आणि पुढे दाब तेथेच धरून प्रवाह हळूहळू उतरू द्यायचा, अशी पद्धत आहे. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या सेलसाठी हीच मर्यादा 3.65 व्होल्ट असते. प्रवाहाच्या नियंत्रणाकडून दाबाच्या नियंत्रणाकडे जाण्याचा तो क्षण धक्का न बसता पार पडला पाहिजे, आणि अनेक विद्यार्थ्यांचे प्रकल्प याच ठिकाणी अडखळतात.

आता मॉडेल म्हणजे काय, हे आपल्या परिचयाच्या वस्तूवरून सांगतो. कन्व्हर्टरमधला इंडक्टर म्हणजे आपण ज्याला चोक म्हणता तोच. मॉसफेट सेकंदाला एक लाख वेळा चालू-बंद होत असेल, तर एक आवर्तन 10 मायक्रोसेकंदांचे होते. प्रत्येक चालू-बंदचा हिशेब ठेवीत बसल्यास नियंत्रणाची रचना करणे अवघड होते, म्हणून एका आवर्तनातील सरासरी घेऊन समीकरणे लिहितात. मिडलब्रूक आणि चुक या अमेरिकेतील कॅलटेकच्या संशोधकांनी 1976 साली ही रीत पद्धतशीरपणे मांडली आणि आजही अभ्यासाची सुरुवात तिथूनच होते. तृतीय वर्षापर्यंतचे डिफरन्शियल इक्वेशन, लाप्लास आणि मॅट्रिक्स पक्के असतील, तर तिला हे गणित झेपेल.

प्रकल्पासाठी तिने एकदम मोठ्या गाडीचा चार्जर घेऊ नये. 230 व्होल्टची वीज एकदिश केली की शिखर 325 व्होल्टवर जाते, पॉवर फॅक्टर सुधारणारा (मुख्य विजेतून प्रवाह दाबाच्या तालात घेणारा) टप्पा तिला सुमारे 400 व्होल्टपर्यंत नेतो, आणि त्या डीसीच्या कपॅसिटरमध्ये वीज बंद केल्यानंतरही जीवघेणा विद्युतभार साठून उरतो. साध्या ऑसिलोस्कोपच्या प्रोबची क्लिप आतून अर्थला जोडलेली असते, त्यामुळे ती चुकीच्या जागी लावली तर शॉर्ट सर्किट होऊन स्फोट होऊ शकतो. या दाबावर तिने जाणत्या शिक्षकांच्या देखरेखीशिवाय काम करू नये, ही माझी आग्रहाची विनंती आहे. शिवाय दाब 400 व्होल्टपर्यंत चढविणाऱ्या त्या टप्प्याचे नियंत्रणही नवख्याला चकविणारे असते: ड्यूटी सायकल (आवर्तनात स्विच चालू राहण्याचे प्रमाण) वाढविली की दाब वाढण्याआधी क्षणभर खाली जातो, आणि घाईने दुरुस्ती करणारा कंट्रोलर तेथेच फसतो.

त्याऐवजी 24 व्होल्टचे 12 व्होल्ट करणारा बक कन्व्हर्टर घ्यावा. चोक 100 मायक्रोहेन्री आणि कपॅसिटर 100 मायक्रोफॅरड धरला, तर त्यांची नैसर्गिक कंपने गणिताने सुमारे 1.6 किलोहर्ट्झवर येतात. रेझिस्टरचा भार लावून ड्यूटी सायकल थोडी बदलावी आणि ऑसिलोस्कोपवर दाब किती वेगाने हेलकावे खातो ते मोजावे. आकडा बहुधा तंतोतंत जुळणार नाही. कपॅसिटरची खरी किंमत वेगळी निघेल किंवा प्रवाह वाढल्यावर चोकचा गाभा संपृक्त होत असेल, म्हणजे आणखी चुंबकत्व घेईनासा होत असेल. तो फरक शोधण्यात जे दोन-तीन आठवडे जातील, ते पूर्ण पदवीतील सर्वांत मोलाचे असतील. त्यानंतर रेझिस्टर काढून बॅटरी जोडावी, म्हणजे हेलकावे कसे नाहीसे होतात आणि प्रवाह किती चटकन वाढतो, हे तिला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. सिम्युलेशनसाठी महागडे सॉफ्टवेअर लागत नाही. एलटीस्पाइस विनामूल्य आहे आणि आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाचे ई-सिमही विनामूल्य आहे.

नातेवाइकांच्या आग्रहाबद्दल थोडे लिहितो. आजच्या चार्जरमधला कंट्रोलर बहुतेक वेळा मायक्रोकंट्रोलरवर सी भाषेत लिहिलेला असतो, तेव्हा प्रोग्रॅमिंग तिला शिकावेच लागेल आणि त्यासाठी वेगळी वाट धरण्याचे कारण नाही. पुणे-चाकण, बंगळुरू, होसूर या पट्ट्यांत विद्युत वाहनांचे काम चालते, पण चार्जरचे क्षेत्र तेवढ्यापुरते नाही. रेल्वेच्या डब्यातील 110 व्होल्टच्या बॅटऱ्या, टेलिकॉम टॉवरच्या 48 व्होल्टच्या बॅटऱ्या आणि यूपीएस यांनाही हेच ज्ञान लागते. पहिली नोकरी मात्र डिझाइनऐवजी चाचणी विभागात मिळण्याची शक्यता मोठी आहे आणि सुरुवातीचा पगार सॉफ्टवेअरमधल्या मित्रमैत्रिणींपेक्षा कमी असू शकतो, हे आपण दोघांनी आधीच मान्य करून ठेवावे. एम.टेक. करायचे असेल तर गेट परीक्षा तिसऱ्या वर्षाचे विद्यार्थीही देऊ शकतात. इलेक्ट्रिकलच्या पेपरात पॉवर इलेक्ट्रॉनिक्स व कंट्रोल सिस्टिम्स हे दोन्ही विषय आहेत, त्यामुळे ही तयारी आणि प्रकल्प एकमेकांना पूरक ठरतील.

आता एक काम आपल्याकडे. तिच्या प्रकल्पातला चोक बाजारातून आणू नका, दुकानात आपण दोघांनी मिळून गुंडाळा. मोटारीच्या सवयीने आपण एकच जाड तार घ्याल, पण एक लाख हर्ट्झला प्रवाह तांब्याच्या पृष्ठभागालगतच्या सुमारे 0.2 मिलिमीटर थरातून वाहतो, म्हणून बारीक इनॅमल तारांचा पीळ घ्यावा. फेराइटच्या दोन अर्धुकांमध्ये कागदाची पट्टी ठेवून हवेची फट सोडावी, नाहीतर तो लवकर संपृक्त होईल. फट किती असावी हे तिने गणिताने काढावे, वेढे आपण घालावेत, आणि एलसीआर मीटरवर (चोकचे इंडक्टन्स मोजणाऱ्या उपकरणावर) आलेला आकडा व तिचा कागदावरचा आकडा, दोन्ही मला कळवावेत.

आपला स्नेहांकित,
करिअर मार्गदर्शक