सातव्या वर्षाची कर्जमाफी

प्रश्न : प्राचीन इस्राएलमध्ये दर सातव्या वर्षी कर्जे माफ होत, असे वाचले. मग सहावे वर्ष सरत आले असता कर्ज कोण देत असे? – एक वाचक, कसबा पेठ, पुणे

उत्तर : आपली शंका त्या कायद्याच्या कर्त्यांनाही आली होती. बायबलमधील ‘अनुवाद’ या ग्रंथाच्या पंधराव्या अध्यायात सातव्या वर्षी स्वकीयांची कर्जे सोडून देण्याची आज्ञा आहे (परकीयांकडून वसुलीस मुभा होती) आणि तिच्या पाठोपाठच, माफीचे वर्ष जवळ आले म्हणून गरीब बांधवाला रित्या हाती परत पाठवू नये, अशी ताकीदही आहे. व्याज तर स्वकीयांकडून घ्यायचेच नव्हते, त्यामुळे अशा व्यवहारात सावकाराला लाभ काहीच नव्हता, मुद्दल बुडण्याची भीती मात्र होती.

ताकीद अपुरी पडली. लोक कर्ज देईनासे झालेले पाहून, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या अखेरीस हिल्लेल या धर्मशास्त्र्याने ‘प्रोझबूल’ नावाचा दस्तऐवज रूढ केला, असे मिश्ना हा ज्यू धर्मनियमांचा प्राचीन संग्रह सांगतो. धनको आपले येणे न्यायाधीशांच्या स्वाधीन करीत असल्याचे त्यात लिहून देई, आणि माफी व्यक्ती-व्यक्तींमधील कर्जापुरतीच असल्याने ते येणे सातव्या वर्षानंतरही वसूल करता येई. याला कोणी पळवाट म्हणेल. मला ती गरजूची पत वाचवणारी तडजोड वाटते.

जमिनीबाबतचा नियम मात्र हिशेबाने अधिक पक्का होता. बायबलमधीलच ‘लेवीय’ या ग्रंथानुसार पन्नासाव्या, म्हणजे योबेल वर्षी जमीन मूळ मालकाच्या घराण्याकडे परत जाई. म्हणून तोवर जितकी पिके निघायची, तितक्यांचीच किंमत ठरवायची असे. नाव विक्रीचे, व्यवहार खंडाचा. तटबंदीच्या शहरातले घर मात्र वर्षभरात सोडवले नाही, तर कायमचे घेणाऱ्याचे होई.

आपल्या जिल्ह्यात हिल्लेलच्या तडजोडीच्या नेमके उलट घडले. मे 1875 मध्ये सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची गहाणखते व रोखे जाळले. त्यानंतर आलेल्या 1879 च्या दख्खन शेतकरी कायद्याने कर्ज सरसकट माफ केले नाही, तर रोख्यावरील आकड्यामागे जाऊन मूळ देवघेवीचा हिशेब तपासण्याचा अधिकार न्यायालयाला दिला. हिल्लेलने न्यायासन धनकोच्या पाठीशी उभे केले होते, ते इथे ऋणकोच्या बाजूने आले.