आवाज चढतो, पण स्की उठत नाही: नवी घ्यायची का?

मालवणहून एका वाचकाचं पत्र आलंय. किनाऱ्यावर त्यांची तीन सीटची जेट स्की आहे, सात वर्षं जुनी. यंदा पिकअप गेलाय. ‘थ्रॉटल दाबला की आवाज चढतो, पण मागे दोन गिऱ्हाईकं बसली की स्की पाण्यातून उठतच नाही,’ असं ते लिहितात. मेकॅनिक म्हणतो, इंजिन संपलं, नवीच घ्या. कोटेशन १४ लाखांचं आहे. जुनीचे २ लाख येतील, ४ लाखांची एफडी मोडायची आणि उरलेल्या ८ लाखांचं कर्ज काढायचं, १२ टक्क्यांनी, पाच वर्षांसाठी. घेऊ का, असा प्रश्न आहे.

आत्ता तरी नको. तुमच्या आकड्यांकडे नंतर येतो, आधी ‘आवाज चढतो’ या शब्दांवरच मी अडकलो. थकलेल्या इंजिनाचा आवाज सहसा चढतच नाही, ते गुदमरतं. तुमचं इंजिन ओरडतंय, म्हणजे ताकद तयार होतेय आणि पाण्यापर्यंत पोचण्याआधी कुठेतरी सांडतेय. क्लच प्लेट गेलेली मोटरसायकल आठवा.

जेट स्कीत ही गळती बहुतेक वेळा पंपात असते. खालच्या जाळीतून पाणी आत येतं आणि इम्पेलर, म्हणजे पंपातला पात्यांचा पंखा, ते मागच्या नोझलमधून फेकतो. हा इम्पेलर एका रिंगमध्ये फिरतो आणि त्याची पाती व रिंग यांत मिलिमीटरच्या अंशाएवढीच फट असते. वाळू आत ओढली गेली की रिंगवर चरे पडतात, फट वाढते, दाबलेलं पाणी तिथूनच उलट निसटतं आणि पात्यांभोवती बुडबुडे होतात. एकट्यानं चालवताना हे फारसं जाणवत नाही, तिघं बसले की उघडं पडतं. तुमचं लक्षण तंतोतंत हेच आहे.

तेव्हा स्की ट्रॉलीवर घ्या, इंजिन बंद करा, सेफ्टी कॉर्ड काढून खिशात ठेवा आणि मगच जाळीत हात घाला. नायलॉनच्या जाळ्याचा तुकडा किंवा प्लास्टिकची पिशवी शाफ्टला गुंडाळलेली निघाली, तर खर्च शून्य. नसेल तर फिलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) पाती आणि रिंग यांतली फट मोजून घ्या, कंपनीच्या मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडून बघा आणि पात्यांच्या पुढच्या कडा वाकल्यात का तेही पाहा. मागचे ड्रेन प्लगही काढा. हलमध्ये, म्हणजे स्कीच्या पोकळ तळात, पाणी साचलं असेल, तर तुम्ही रोज एक फुकट प्रवासी फिरवताय. मीटरवरचा आरपीएम मात्र पूर्वीइतका चढतच नसेल, तर स्पार्क प्लग, पेट्रोलमध्ये शिरलेलं पाणी आणि सिलिंडरचं कॉम्प्रेशन तपासावं लागेल. तिथे मेकॅनिक बरोबरही ठरू शकतो. पण कॉम्प्रेशनचा आकडा त्यानं तुम्हाला कागदावर लिहून द्यायला हवा.

आता पैशांचं. ८ लाखांचा हप्ता साधारण १७,८०० रुपये होतो. बँक तो बारा महिने कापणार. तुमचा धंदा मेअखेर बंद होतो, सप्टेंबरही रखडतच जातो, म्हणजे कमाई आठ महिन्यांची. त्या आठ महिन्यांवर हप्त्याचा भार महिन्याला जवळजवळ २६,७०० पडतो. पाच वर्षांत नुसतं व्याजच पावणेतीन लाखांच्या आसपास जाईल.

आणखी एक आकडा कोटेशनच्या पोटात दडलाय. २२ सप्टेंबर २०२५पासून अशा क्रीडा-नौकांवरचा जीएसटी २८वरून ४० टक्क्यांवर गेला. तुमचे १४ लाख करासकट आहेत, त्यातला कर भरतो बरोबर ४ लाख. तुमची अख्खी एफडी! जीएसटी नोंदणी नाही असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे त्याचं क्रेडिटही नाही, हा कर वळता करून घेता येणार नाही. शिवाय ती एफडी म्हणजे तुमच्या घरची आगोट आहे. पावसाळ्याचे तीन महिने घर तिच्यावर चालतं. ती यंत्रात घालून वर बारमाही हप्ता बांधून घ्यायचा, हे मला अजिबात पटत नाही.

मी असं करेन: रिंग आणि इम्पेलरसाठी ६०,००० रुपयांची मर्यादा ठरवून ते याच हंगामाच्या गल्ल्यातून काढेन. एफडीला हात लावणार नाही. इंजिनच खरोखर गेलं असेल आणि दुरुस्तीचा आकडा जुन्या स्कीला मिळणाऱ्या २ लाखांच्या पुढे जात असेल, तर पुन्हा लिहा. तेव्हाही मी आधी चांगली वापरलेली स्की शोधायला सांगेन, आणि घेण्यापूर्वी तिचा पंप उघडून बघायला.

आणि तुमच्या पोरांना सांगा, गिऱ्हाईक घोट्याएवढ्या पाण्यात बसवून तिथूनच थ्रॉटल मारायचा नाही. कंबरभर पाण्यापर्यंत स्की ढकलत न्यायची, मग स्टार्ट. गिऱ्हाईकांचे कपडे भिजतील, कुरकुरतील. पण पंप वाळू ओढतो तो तिथेच, आणि नवी रिंग टाकली तरी तीही तिथेच झिजेल.