२६ जुलैला बाबा नक्की कधी घरी आले?

प्रश्न : २६ जुलै २००५ च्या पावसात बाबा अंधेरीच्या ऑफिसमधून घाटकोपरला चालत आले. मला अजून दिसतं, लाइट गेलेले, आई मेणबत्ती घेऊन दारात आणि बाबा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उभे. दादा म्हणतो छे, ते दुसऱ्या दिवशी सकाळी आले. बाबा आता नाहीत, आईला नीट आठवत नाही आणि यावरून आमचं दरवेळी वाजतं. खोटं कोण बोलतंय?

उत्तर : ताई, कुणीच नाही, तेवढ्यासाठी भांडू नका प्लीज. मेंदू अख्खा प्रसंग एका जागी साठवत नाही, दिसलेलं, ऐकलेलं, तेव्हा वाटलेली भीती असे तुकडे असतात, आठवताना ते पुन्हा जुळवले जातात आणि मध्ये गॅप असेल तिथे 'असंच झालं असणार' म्हणून काहीतरी भरलं जातं, आणि त्यातलं भरलेलं कुठलं हे आपल्याला आतून अजिबात कळत नाही.

१९८६ मध्ये अमेरिकेचं चॅलेंजर अंतराळयान फुटलं. दुसऱ्याच दिवशी सकाळी एमरी विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ उल्रिक नायसर यांनी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं, बातमी कुठे कळली, कोणी सांगितली, सोबत कोण होतं. अडीच वर्षांनी त्यातल्या ४४ जणांना तेच विचारलं तर ११ जणांचं एकही उत्तर धड जुळलं नाही, आणि चुकीचं सांगणारेही कितीतरी जण एकदम ठाम होते. मग त्यांना त्यांच्याच अक्षरातला जुना कागद दाखवला, तरी मूळ आठवण काही परत आली नाही! मला यातलं हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, की खात्री वाटते म्हणून आठवण बरोबर असं नसतं.

तुमच्या बाबतीत तर भेसळीला भरपूर वाव आहे. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस पडला, त्याची दृश्यं नंतर दर पावसाळ्यात टीव्हीवर दिसली, घरी गप्पांत तो किस्सा निघत राहिला, आणि प्रत्येक वेळी सांगताना आठवण थोडी बदलते, पुढच्या वेळी ती बदललेलीच आठवते. मेणबत्ती खरी असेल पण दुसऱ्याच कुठल्या रात्रीची असेल, दादाची सकाळही तशीच.

एक करा, तुम्ही आणि दादा दोघंही आधी एकमेकांशी न बोलता आठवतंय ते लिहून काढा, बोललात की एकाचे तपशील दुसऱ्याच्या आठवणीत शिरतात. मग बाबांसोबत निघालेला ऑफिसमधला कुणी किंवा शेजारच्या काकू असतील तर त्यांना विचारा, पण 'रात्रीच आले ना?' असं नको, 'तेव्हा काय काय झालं?' एवढंच विचारा.